चिलखत खरंच किती वाचवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत्रांचा हंगाम जवळ आला की ऐतिहासिक नाटक बसवणाऱ्या मंडळांचे फोन सुरू होतात. शाळांतून 'प्रकल्प' मिळालेल्या मुलांचे पालक विचारतात, आणि जुन्या गोव्याचं संग्रहालय बघून आलेले तर वर्षभर काही ना काही पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे आहेत. सोपे आधी, वाकडे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिलखत, बख्तर, कवच: नेमके प्रकार किती?

नावांच्या मागे लागलात तर हाती काही लागणार नाही, कारण बखरींतही ती एकमेकांच्या जागी वापरलेली असतात. बनावट बघावी. पहिला प्रकार म्हणजे कापूस भरून गोधडीसारखा टाचलेला जाड अंगरखा. दुसरा, लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेलं जाळीचं चिलखत. तिसरा, त्याच जाळीत छोटे पोलादी पत्रे ओळीने गुंफलेलं झिरह-बख्तर. दख्खनच्या आणि मोगलांच्या फौजांत हे फार. चौथा, मोठ्या पत्र्यांचं. युरोपातलं छातीकवच यातलं, आणि आपल्याकडचा चार-आइनाही: छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे. चामडं या चारांपैकी कशातही शिरतं, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा ठेवला आहे (प्रश्न ६). डोक्याचा टोप आणि हाताचा दस्ताना हे जोडीला.

२. सगळ्यात प्रभावी साहित्य कोणतं? एका वाक्यात सांगा.

खाली जाड कापूस आणि वर कडक केलेला पोलादी पत्रा.

आता दुसरं वाक्य मी आगाऊपणे जोडतो: कशाविरुद्ध, हे ठरवल्याशिवाय पहिल्या वाक्याला फारसा अर्थ नाही. तलवारीचा वार कापतो, भाला-कट्यार भोसकते, गदा चेचते, बाण एका टिंबावर सगळा जोर आणतो आणि गोळी तेच दसपट जोराने करते. कड्यांची जाळी वाराला उत्तम, गदेला जवळजवळ निरुपयोगी. कापूस गदेला चांगला, पण टोकदार सुऱ्याला थर पुरेसे असले तरच. शिवाय अंगावर घेऊन दिवसभर फिरता आलं पाहिजे, पावसाळ्यात टिकलं पाहिजे आणि परवडलं पाहिजे. बहुतेक फौजांचा निर्णय या शेवटच्या तीन गोष्टींनीच झाला.

३. कापसाचा अंगरखा तलवार अडवतो हे पटत नाही. खरं आहे का?

खरं आहे. माझ्या मते या विषयात सगळ्यात कमी लेखलं गेलेलं साहित्य कापूसच.

धारेला कापायला ताण लागतो. ताणलेलं कापड पटकन फाटतं, पण वीस-पंचवीस थर एकमेकांना घट्ट टाचून केलेला अंगरखा दबतो, सरकतो, धार आत खेचू देत नाही. वरचे चार थर कापले जातात आणि जोर तिथेच संपतो. जवळजवळ टाचलेले टाके इथे सगळं काम करतात; टाके विरळ असतील तर कापूस खाली गोळा होतो आणि खांद्यावर नुसतं दुहेरी कापड उरतं. जुनी अंगरखी उलटून पाहिली तर उभ्या टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावरही नसतात, त्या यासाठीच.

पुरावा जगभर आहे. १५१९ ते १५२१ या काळात मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सैनिकांनी तिथल्या लोकांचे कापसाचे जाड अंगरखे पाहिले आणि त्यांतल्या अनेकांनी आपलं पोलाद बाजूला ठेवून तेच घातले. उकाड्यात पोलाद नको होतं, आणि समोरच्या बाणांना कापूस पुरत होता. ग्रीकांच्या लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या) कवचाची प्रतिकृती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठात करून तिच्यावर बाण मारले, तेव्हा साधारण १२ मिलिमीटर जाडीला बहुतेक बाण अडले. (थर डिंकाने चिकटवलेले होते की टाचलेले, यावर अभ्यासकांचं भांडण अजून चालू आहे.)

आपल्याकडे टिपू सुलतानाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापूस भरलेल्या टोप्या आणि कमरेच्या जाड पेट्या १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्लंडला गेल्या. म्हणजे राजालाही कापूस चालत होता. गरिबाचं कवच म्हणून त्याला हिणवण्यात अर्थ नाही.

कमतरता दोन. भिजला की वजन दुप्पट, आणि पेट घेतो. कोरियाने १८६६ मध्ये फ्रेंचांशी झटापट झाल्यावर गोळी अडवावी म्हणून कापसाच्या अनेक थरांची अंगरखी केली. १८७१ मध्ये अमेरिकन फौज आली तेव्हा उन्हाळ्यात ती घालणाऱ्यांचे हाल झाले आणि तोफगोळ्यांच्या ठिणग्यांनी काही पेटली.

४. कड्यांच्या चिलखतातून भाला किंवा कट्यार आरपार जाते का?

कडी कशी मिटवली आहे यावर आहे. चांगल्या चिलखतातली एखादी कडी भिंगाखाली धरा. तारेची दोन टोकं चपटी ठोकून एकावर एक आणलेली दिसतील, त्यांच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा रिव्हेट (ठोकून बसवलेली बारीक खीळ) असेल, आणि तो भाग कडीच्या बाकी अंगापेक्षा थोडा फुगीर असेल. अशा वीस-तीस हजार कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली. रिव्हेटची कडी उघडायला तार तुटावी लागते. टोकं नुसती भिडवून ठेवलेली कडी मात्र नेमक्या टोकाच्या दाबाने फाकते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आपल्याकडची बरीच चिलखतं अशी भिडवलेल्या कड्यांची आहेत. तोवर ती लढाईपेक्षा दरबारात जास्त वापरात होती.

तलवारीचा वार रिव्हेटच्या जाळीवर जवळपास वाया जातो. म्हणूनच जाळी भेदायची हत्यारं निराळी निघाली: कट्यारीचं टोक मुद्दाम जाड आणि चौकोनी ठेवायचे, ते पात्याने कापण्यासाठी नव्हे तर कडी फोडण्यासाठी. बारीक, सुईसारखी खास खंजिरंही होती. वार अडला तरी हाड मोडायचं ते मोडतंच, कारण जाळी लवचीक असते. खाली कापसाचा अंगरखा नसेल तर चिलखत अर्धंच काम करतं (प्रश्न ३).

वजन साधारण १० ते १२ किलो. पट्टा आवळून बांधला की निम्मा भार कमरेवर जातो आणि वाटतं तितकं जड वाटत नाही.

५. अफझलखानाच्या भेटीत महाराजांना चिलखतानेच वाचवलं ना?

१० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीला शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावर मंदिलाखाली लोखंडी टोप घालून गेले होते, असं बखरी सांगतात, आणि खानाचा वार चिलखतावर खरखरत गेला असंही. साहित्याच्या अंगाने यात अशक्य काही नाही. मिठीत धरलेल्या माणसाला हात मागे घेऊन पूर्ण जोराने भोसकता येत नाही. बाजूने आलेलं पातं कड्यांवरून घसरतं. तोच वार समोरून, मोकळ्या हाताने, जाळी भेदणाऱ्या टोकाने झाला असता तर निकालाची खात्री देता आली नसती. वरून कळू नये असं चिलखत निवडणं हा त्यातला खरा शहाणपणा. पत्र्याचं कवच मिठीत लगेच हाताला लागलं असतं.

६. गेंड्याच्या कातडीची ढाल गोळी अडवते असं आजोबा सांगायचे.

तलवार अडवते, बाण अडवते, जवळून आलेली बंदुकीची गोळी नाही. लांबून, जोर संपत आलेली, तिरपी आली तर घसरू शकते. अशा एखाद्या प्रसंगाची गोष्ट मग पिढ्यान्‌पिढ्या चालते. गेंड्याची कातडी सुकवली, घासली की शिंगासारखी टणक होते आणि उजेडात धरली तर पिवळसर पारदर्शक दिसते. म्हशीची त्यामानाने स्वस्त, म्हणून सर्वसाधारण स्वाराकडे बहुधा तीच. चामडं उकळत्या पाण्यातून किंवा मेणातून काढून कडक करण्याची पद्धतही अनेक देशांत होती. पण तसं चामडं जास्त कडक झालं की तडकतं. शिवाय आपल्या हवेत चामड्याला बुरशी धरते, हे गोव्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

गेंड्यावरून एक गंमत. गुजरातच्या सुलतानाकडून आलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सु द आल्बुकर्कने १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजाने पोर्तुगालला धाडला. २० मे १५१५ ला तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही, ऐकीव वर्णन आणि एक रेखाटन यांवरून लाकडी ठसा कोरला आणि गेंड्याच्या अंगावर चक्क रिव्हेट मारलेल्या चिलखतासारखे पत्रे काढले. युरोप पुढे दोन-अडीचशे वर्षं तोच गेंडा खरा मानत होता.

७. कासं कडक की लोखंड? मग कासं मागे का पडलं?

ठोकून कडक केलेलं कासं साध्या घडीव लोखंडापेक्षा कमी नाही, बऱ्याचदा वरचढच. गंजत नाही, साच्यात ओतता येतं. ग्रीसमध्ये देंद्रा इथे १९६० साली सापडलेलं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं काशाचं कवच लढायच्या कामाचं होतं की नुसतं मिरवायचं, असा वाद होता. त्याची प्रतिकृती ग्रीक नौसैनिकांना घालून अकरा तास लढाईच्या हालचाली करायला लावल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की लढता येतं.

मागे पडलं ते पैशामुळे. काशात तांब्याबरोबर लागणारं कथील मोजक्याच ठिकाणी मिळतं, लोखंडाचं खनिज जागोजाग. आणि पुढे लोखंडात कर्ब मुरवून, तापवून, पाण्यात विझवून पोलाद करायची विद्या पसरली तेव्हा कडकपणातही कासं हरलं.

८. पत्रा किती जाड असायचा? जाड तितका चांगला, नाही का?

छातीवर साधारण २ मिलिमीटर, हातापायांवर १ च्या आसपास. जाडीचा फायदा सरळ दुपटीने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. नरम पोलादाचा १ मिलिमीटर पत्रा भेदायला बाणाला सुमारे ५५ जूल ऊर्जा लागते, २ मिलिमीटरला सुमारे १७५. दमदार धनुष्याच्या बाणाकडे शंभरच्या आसपास असते. म्हणजे १ मिलिमीटरने माणूस मरतो, २ ने वाचतो. याच कारणाने सगळा पत्रा एकसारखा जाड ठेवत नसत. काळजापाशी जाड, कडेला पातळ.

जाडीइतकाच आकार महत्त्वाचा. छातीच्या मधोमध धार काढलेलं पोर्तुगीज कवच पाहा: बाण किंवा भाला कुठूनही आला तरी तिरपा पडतो आणि सरकतो. ४५ अंशात आलेल्या टोकाला सरळ टोकापेक्षा सुमारे दीडपट जोर लागतो, घसरून गेलं तर तेवढाही उपयोगी पडत नाही.

पोलाद फार कडक करणंही घातक. तलवारीसाठी नावाजलेलं दख्खनचं उक्कू पोलाद धारेला उत्तम, पण एवढा कर्ब असलेला पत्रा फटक्याने तडकू शकतो. कवचाला वाकून मार पचवणारं पोलाद हवं.

९. बंदुका आल्यावर चिलखत निरुपयोगी झालं का?

लगेच नाही. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तेव्हा दोन्ही बाजूंना बंदुका होत्या आणि दोन्ही बाजूंना चिलखतंही होती. कवच करणाऱ्यांनी पत्रा जाड केला आणि गिऱ्हाइकासमोर त्यावर गोळी झाडून दाखवायला सुरुवात केली. जुन्या युरोपीय छातीकवचांवर दिसणारा गोल खड्डा अनेकदा त्या परीक्षेचा असतो, लढाईचा नव्हे.

ऑस्ट्रियात ग्राझ शहराच्या जुन्या शस्त्रागारात सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या हजारो बंदुका जपून ठेवल्या आहेत. १९८८-८९ मध्ये त्यांतल्या काही खरोखर झाडून पाहिल्या. १०० मीटरवरून गोळी १ ते २ मिलिमीटर पोलादातून गेली, ३० मीटरवरून काहींची ४ मिलिमीटरपर्यंत. मग सोळाव्या शतकातल्या एका अस्सल छातीकवचावर साडेआठ मीटरवरून पिस्तूल झाडलं. गोळी जवळपास ३ मिलिमीटर पोलाद फोडून आत गेली, पण मागे ठेवलेल्या लिननच्या कापडाने ती अडवली. प्रश्न २ मधलं 'खाली कापूस' मी उगाच म्हटलेलं नाही.

पुढे पत्रा जाड करता करता वजन असह्य झालं. सैनिकांनी आधी पायाचं सोडलं, मग हाताचं, शेवटी छाती आणि टोप उरले.

१०. गोव्याच्या उकाड्यात पोर्तुगीज लोखंड घालून लढत कसे होते?

घामाघूम होऊन. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गव्हर्नर-व्हाइसरॉयांच्या तसबिरी आहेत, त्यांत बरेच जण पोलादी छातीकवचात ऐटीत उभे आहेत. ती चित्रं मिरवण्याची आहेत. त्यावरून रोजचा पोशाख ठरवू नये.

२०११ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पंधराव्या शतकाच्या धर्तीचं पूर्ण कवच घातलेल्यांना ट्रेडमिलवर चालवलं. चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागली. त्याचं एक मोठं कारण पायांवरचं लोखंड, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. शिवाय छाती आवळलेली असल्यामुळे श्वास खोल घेता येत नव्हता. हे थंड देशातल्या प्रयोगशाळेत. मे महिन्यात मांडवीच्या काठावर काय होईल याची कल्पना करा. खालच्या कापसामुळे घाम सुकत नाही, आणि उन्हात पत्रा तापतो. म्हणून इथे लढणारे छाती आणि डोकं झाकून बाकीचं ठेवून देण्याकडे झुकत.

११. वीरगळांवरचे वीर जवळजवळ उघडेच का दिसतात?

कदंबकाळातले वीरगळ पणजीच्या राज्य संग्रहालयात आणि जुन्या गोव्यात पाहायला मिळतात. जहाजावरची लढाई कोरलेलेही आहेत. त्यावरचा वीर बहुधा ढाल-तलवारीनिशी, अंगावर कवचाची खूण नाही. याला एक कारण शिल्पाची रीत: वीराचं शरीर दाखवायचं असतं, आणि वीतभर उंचीच्या आकृतीत टाचलेला अंगरखा कोरून दाखवणंही अवघड. दुसरं कारण व्यवहाराचं. गावची गुरं सोडवताना किंवा वेशीवर पडलेल्या साध्या माणसाकडे लोखंडी चिलखत असेलच कसं? आणि जहाजावर तर दहा किलो लोखंड म्हणजे पाण्यात पडलात की संपलात. ढाल फेकून देता येते, चिलखत नाही.

१२. विजयनगर, आदिलशाही आणि मराठे यांत फरक काय होता?

साधारण १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून आलेल्या दोमिंगुश पाइश या पोर्तुगिजाने तिथल्या स्वारांचे टाचलेले अंगरखे वर्णन केले आहेत: आत मजबूत चामड्याचे थर, त्यावर लोखंडी पत्रे, काहींचे पत्रे मुलामा दिलेले. म्हणजे तीन साहित्यं एकावर एक. आदिलशाहीत जाळी आणि पत्रा यांचा मेळ. आदिलशाहीतल्या अदोणी किल्ल्यातून १६८९ च्या सुमारास बिकानेरचा महाराजा अनूपसिंह याने नेलेली चिलखतं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांवरून ती ओळखू येतात.

मराठ्यांचं बळ वेगात होतं. सरदारांकडे उत्तम चिलखतं होती, पण सर्वसाधारण स्वार जाड बंडी, ढाल आणि पागोट्यावर निघायचा. पागोट्याचे वेढेही वार अडवतात, विसरू नका. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंद द आल्वोरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा संभाजी महाराज मदतीला धावून आले आणि त्याला पावसात माघार घ्यावी लागली. घाटातून असं उतरायचं तर घोड्यावर जास्तीचं लोखंड परवडत नाही.

१३. रेशीम, कागद, काथ्या यांची चिलखतं खरी की अफवा?

कागद: खरं. चीनमध्ये तांग राजघराण्याच्या काळापासून दुमडलेल्या कागदाच्या जाड थरांची कवचं होती. मिंग काळातल्या लष्करी लिखाणात दक्षिणेच्या पावसात लोखंड गंजून वाया जातं ही तक्रार सापडते. आपलीच व्यथा.

काथ्या: हेही खरं, आणि नारळाच्या प्रदेशातल्या माणसाला बघायला मजा येते. प्रशांत महासागरातल्या किरिबाती बेटांवर सुंभासारख्या काथ्याच्या दोऱ्या घट्ट विणून अख्खा अंगरखा, विजार आणि डोक्यामागे उभी फळी करत. त्यांच्या शत्रूची हत्यारं शार्कच्या दातांची होती. ते दात मांस फाडतात, पण काथ्यात अडकतात. तिथे लोखंड नव्हतं आणि ते लागलंही नाही.

रेशीम: मंगोल स्वार रेशमी सदरा घालत, बाण आत शिरला तरी रेशीम न फाटता त्याच्याभोवती गुंडाळलं जाई आणि बाण ओढून काढणं सोपं होई, असं सांगतात. टोकाची धार तीक्ष्ण असेल तर रेशीमही कापतं. मी या गोष्टीवर फार भार टाकणार नाही.

१४. आमच्या जत्रेच्या नाटकाला चिलखत हवंय. स्वस्तात काय करावं?

जाड सुतळी मोठ्या सुयांवर विणून घ्या, फेविकॉल-पाण्याचा हात द्या, सुकल्यावर आधी काळा आणि वरून चंदेरी रंग कोरड्या ब्रशने फिरवा. तिसऱ्या रांगेतून अस्सल जाळी वाटते आणि वजन किलोभरही होत नाही. पत्र्यांसाठी फोम शीट. अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यांचं विकत मिळतं, पण माईकजवळ छनछनाट करतं आणि नटाचे केस ओढतं.

कृपा करून मावळ्याला छातीचे स्नायू कोरलेलं ग्रीक-रोमन कवच घालू नका. आणि असल्या नाटकी चिलखतावर खऱ्या लोखंडी तलवारीचा वार घेऊ नका, धार नसली तरी. बोटं मोडतात. शिगम्यातल्या घोडेमोडणीचे पोशाखही झगमगीत असतात, पण ते उत्सवाचे आहेत; त्यावरून युद्धपोशाख बेतू नये.

१५. घरात जुनी ढाल किंवा चिलखत आहे, गंजलंय. चिंचेने घासू का?

नको. चिंच, लिंबू, आमसूल तांब्या-पितळेला ठीक. लोखंडाला आंबट लागलं की वरून चकाकतं आणि पहिल्या पावसात दुप्पट गंजतं. शिवाय सोन्याचं कोफ्तगिरी काम (लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची नक्षी) असेल तर घासण्यात तेच आधी जाईल. खोबरेल तेलही लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, सुती हातमोजे घालून हाताळा (बोटांच्या घामात मीठ असतं), शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. कातडी किंवा कापडी भागाला तेल लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट. आत दमटपणा कोंडतो. समुद्रापासून जवळ राहत असाल तर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत जा.

आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती पुरावस्तू ठरते. खासगी माणसाला ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. आखातात किंवा लिस्बनला असलेल्या मुलाकडे 'आठवण म्हणून' पाठवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.